कर्नलच्या लॉगिंग कोडमधल्या अटी सोप्या करायच्या असतील तर आधी त्या मराठीत वाचून पाहा

प्रश्न नागपुरातल्याच एका फायनल इयरच्या पोराचा आहे, थोडक्यात सांगतो. तो लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड वाचून राहिला आणि त्याला दोन जागा सापडल्या. पहिली एका ड्रायव्हरमधली, तिथं मेसेज लॉगमध्ये टाकायचा की नाही हे ठरवायला '!अ || (अ && ब)' अशी अट लिहिली आहे (! म्हणजे नाही, || म्हणजे किंवा, && म्हणजे आणि), आणि कोडमधले ठरावीक साचे शोधणारं कोक्सिनेल नावाचं टूल म्हणते की '!अ || ब' एवढंच पुरे. दुसरी खुद्द प्रिंटकेच्या, म्हणजे कर्नलचे मेसेज लॉगमध्ये टाकणाऱ्या फंक्शनच्या, फाइलमधली, तिथं एका इफच्या पोटात दुसरा इफ आहे, याला वाटलं दोन्ही && लावून एका ओळीत बसवून टाकू. "दादा, दोन्ही बदल कंपाइल झाले, बूट पण झालं, मग पॅच पाठवू का? मित्र म्हणतो लॉगिंगच्या कोडला नवीन माणसानं हातच लावू नये."

पहिला पाठव, दुसरा पाठवू नको. मित्राचं म्हणणं मला पटत नाही, हात लावायलाच पाहिजे, पण कुठल्या अटीत नुसतं हो-नाही आहे आणि कुठल्या अटीत काम दडलेलं आहे हे आधी ओळखता आलं पाहिजे. मी बरीच वर्षं एम्बेडेड बोर्डांवर कर्नल चालवतो, आणि प्रिंटकेचा कोड मला मनापासून आवडतो, कारण मशीन मरता मरता शेवटचं जे बोलते ते या कोडमधून बोलते. तिथली एक अट चुकली तर मशीन मुकी होते, आणि मुक्या मशीनला काय झालं होतं हे शोधायला मग काहीच हाताला लागत नाही. म्हणून जरा लांबण लावून सांगतो.

माझी सवय अशी आहे की कुठलीही अट बदलायच्या आधी ती मी मराठीत, मोठ्यानं, पूर्ण वाक्य करून वाचतो. तुझी पहिली अट घे. समजा मे महिन्यात दुपारी सीताबर्डीवर जायचं आहे, तू म्हणतोस "ऊन नसेल तर जाईन, किंवा ऊन असेल आणि दुपट्टा असेल तर जाईन." आता घरी आईसमोर हे असं कोणी बोलते का? आपण सरळ म्हणतो "ऊन नसलं किंवा दुपट्टा असला तर जाईन." दुसऱ्यांदा 'ऊन असेल आणि' म्हणायची गरजच नाही, कारण ऊन नसलं असतं तर पहिल्या अर्ध्यातच उत्तर मिळालं असतं, दुसऱ्या अर्ध्यापर्यंत पोचलो याचा अर्थच ऊन आहे. चार शक्यता कागदावर मांडून पाहा: ऊन आहे की नाही, दुपट्टा आहे की नाही. दोन्ही वाक्यं फक्त एकाच ठिकाणी 'नको जाऊ' म्हणतात, ऊन आहे आणि दुपट्टा नाही तिथं. बाकी तीन ठिकाणी दोन्ही 'जा' म्हणतात. झालं, एवढाच पुरावा लागतो, आणि तो कमिट मेसेजमध्ये, म्हणजे पॅचसोबतच्या टिपणात, एका ओळीत बसतो.

यानं कर्नल फास्ट होईल असं मात्र लिहू नको. अ आणि ब साधे व्हेरिएबल असले तर जीसीसी कंपायलर ऑप्टिमायझेशन लावून दोन्ही रूपांचा बहुतेक वेळा एकच मशीन कोड काढते. हे ऐकीव ठेवू नको, स्वतः पाहा: बदलाच्या आधीची ऑब्जेक्ट फाइल ऑब्जडंपनं उलगडून ठेव, बदलानंतरची उलगड, डिफ मार. कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये याच कामासाठी ऑब्जडिफ नावाची स्क्रिप्ट पण पडलेली आहे. डिफ रिकामा आला तर "जनरेट झालेल्या कोडमध्ये फरक नाही" असं लिहून टाक, मेंटेनरच्या, म्हणजे तो कोड सांभाळणाऱ्याच्या, डोक्यावरचं अर्धं ओझं तिथंच उतरते. फायदा वाचणाऱ्याचा आहे. रात्री दोन वाजता कोणी बग शोधत त्या ओळीवर आला की तो 'अ && ब' पाहून थांबतो, विचार करतो की इथं अ परत काहून विचारला, काही खास कारण असेल का, आणि पाच मिनिटं घालवतो. ती पाच मिनिटं वाचवायसाठी आपण पॅच पाठवतो.

आता खरा मुद्दा. हे सगळं गणित खरं आहे जेव्हा अ म्हणजे नुसती एक किंमत आहे. कर्नलमध्ये अ म्हणजे पुष्कळदा किंमत नसतेच, ते एक काम असते.

रेटलिमिटचं उदाहरण घे, लॉगिंगमध्ये रोज भेटते. एकच मेसेज हजार वेळा येऊन लॉग भरून टाकू नये म्हणून कर्नलमध्ये डिफॉल्ट हिशोब आहे, दर ५ सेकंदात १० मेसेज, बाकीचे गिळायचे आणि नंतर 'इतके कॉलबॅक सप्रेस झाले' अशी एक ओळ छापायची. हे ठरवणारं फंक्शन विचारलं की नुसतं हो-नाही सांगत नाही, विचारल्याबरोबर कोट्यातला एक खर्चही करते. आता ते फंक्शन एकाच अटीत दोनदा लिहिलं असेल तर एका मेसेजमागे कोटा दोनदा कापला जातो. तिथं '!अ || (अ && ब)' ला '!अ || ब' केलं तर वागणूक बदलते. कदाचित चांगल्यासाठी बदलते, पण बदलते, आणि मग कमिट मेसेजमध्ये 'फंक्शनल चेंज नाही' लिहिलं तर ते खोटं ठरते.

क्रमाचंही तसंच. 'रेटलिमिट() && डीबग चालू' आणि 'डीबग चालू && रेटलिमिट()' गणिताच्या वहीत सारखेच आहेत. पण पहिल्यात डीबग बंद असतानाही दर वेळी कोटा खर्च होतो, छापत काहीच नाही, आणि वरून लॉगमध्ये 'सप्रेस झाले' च्या ओळी यायला लागतात, पाहणारा म्हणतो अरे काय सप्रेस झालं, मी तर काही चालूच केलं नव्हतं. कर्नलचा स्वतःचा रेटलिमिटवाला डीबग मॅक्रो पाहा, डायनॅमिक डीबग लावलेलं असलं की तो आधी ती ओळ चालू आहे का हे विचारतो आणि मगच रेटलिमिटला हात लावतो. हा क्रम मुद्दाम आहे. '&&' च्या डावी-उजवीकडची अदलाबदल ही बाप्पा कधीच फुकटची नसते.

तिसरी गोष्ट, अ दुसऱ्या सीपीयूवरून बदलत असेल तर. समजा अ हा एक फ्लॅग आहे आणि तो रीड-वन्स लावून वाचला आहे, म्हणजे कंपायलरला बजावलेलं आहे की जितक्या वेळा लिहिलं तितक्या वेळा खरंच वाच. जुन्या अटीत तो दोनदा वाचला जातो. पहिल्या वाचनात अ खरा निघाला म्हणून '!अ' खोटं झालं, दुसऱ्या वाचनापर्यंत दुसऱ्या सीपीयूनं अ खोटा करून टाकला, म्हणून '(अ && ब)' पण खोटं. म्हणजे ब काहीही असो, मेसेज लॉगमध्ये न जाता हरवला. अशी वेळ क्वचित येईल, पण येईल. सोप्या रूपात अ एकदाच वाचला जातो म्हणून ही फट बुजते. इथं तर तुझा पॅच नुसता सफाईचा राहत नाही, तो बग फिक्स होतो, आणि तसंच लिहायला पाहिजे. तुझ्या ड्रायव्हरमधला अ मी पाहिला, तो प्रोबच्या वेळी, म्हणजे ड्रायव्हर आपल्या डिव्हाइसला जोडला जातो तेव्हा, एकदा सेट होतो आणि नंतर त्याला कोणी शिवत नाही, म्हणून तुझी केस साधी आहे. पण हे वाक्य, 'अ प्रोबनंतर बदलत नाही', मेसेजमध्ये टाक, मेंटेनर नेमकं तेच विचारेल.

आता तुझी दुसरी जागा. इथं मी थोडा रेंगाळतो कारण अशाच एका बदलानं मला एकदा दोन दिवस रडवलं आहे.

प्रिंटकेची गोष्ट अशी आहे की मेसेज आधी मेमरीतल्या रिंग बफरमध्ये जाऊन पडतो, ते काम झटपट होते. मग तो कन्सोलवर, म्हणजे सिरियल पोर्टवर किंवा स्क्रीनवर, ढकलायचा असतो आणि ते काम हळू असते. त्यासाठी कन्सोलचं लॉक लागते. जो मेसेज टाकतो तो लॉक मिळते का पाहतो, मिळालं तर लगेच 'कन्सोल अनलॉक' म्हणतो. नवीन माणूस इथंच फसतो, लॉक घेतलं आणि लगेच सोडलं, मग मध्ये काम कुठं झालं? काम त्या अनलॉकमध्येच आहे. या जुन्या रस्त्यात कन्सोल अनलॉक हे फंक्शनच बफरमधले राहिलेले मेसेज कन्सोलवर छापते आणि मग लॉक सोडते. नावावर जाऊ नको.

तर तिथली रचना अशी आहे: बाहेरची अट म्हणते की आत्ता थेट छापायची परवानगी आहे का, ती खरी असेल तर प्रीएम्प्शन (शेड्युलरनं, म्हणजे कोणतं काम कधी चालेल ते ठरवणाऱ्या कोडनं, चालू काम मध्येच थांबवणं) बंद करायचं, मग आतली अट ट्रायलॉक करून पाहते, म्हणजे लॉक मिळते का पाहते, मिळालं तर अनलॉक म्हणजे छपाई, आणि शेवटी प्रीएम्प्शन परत चालू. बाहेरच्या अटीचं नाव वेगवेगळ्या व्हर्जनमध्ये बदलत गेलं, जुन्या कोडमध्ये ती 'शेड्युलरच्या आतून आलेलो नाही ना' अशी होती, पण सांगाडा तोच राहिला. तू दोन्ही इफ एका ओळीत आणायला प्रीएम्प्शन बंद करायची ओळ वर नेलीस, अटीच्या बाहेर, आणि ट्रायलॉक लांब दिसते म्हणून डावीकडे टाकलंस. म्हणजे तुझी अट झाली 'ट्रायलॉक() && परवानगी'. आता मराठीत वाच: "लॉक मिळालं, आणि छापायची परवानगी असेल, तर छाप आणि लॉक सोड." मग परवानगी नसेल तर? लॉक मिळालेलंच आहे, हातात आहे, आणि ते सोडणारं कोणी उरलं नाही.

तुझ्याकडे बूट झालं कारण बूटच्या वेळी बहुतेक मेसेज साध्या रस्त्यानं येतात, परवानगी असतेच. ज्या दिवशी पहिला मेसेज शेड्युलरच्या पोटातून येईल त्या दिवशी ते लॉक कायमचं अडकेल. शेड्युलरसाठी वेगळी अट आहे यामागंही कारण आहे: कन्सोलचं लॉक सोडताना त्याची वाट पाहत असलेल्या दुसऱ्या टास्कला उठवावं लागते, उठवायला रनक्यूचं, म्हणजे चालायला तयार असलेल्या टास्कच्या रांगेचं, लॉक लागते, आणि शेड्युलर तेच रनक्यूचं लॉक हातात धरून बोलून राहिला असतो. स्वतःचीच वाट स्वतः पाहत बसायचं, म्हणजे डेडलॉक. म्हणून तशा मेसेजला उणे २ अशी खास लेव्हल देऊन ठेवलेली आहे, की हा बफरमध्ये टाका, छापायचं नंतर पाहू.

माझ्या बाबतीत झालं ते असंच. तेव्हा ज्या टीममध्ये होतो तिथं आमच्या स्वतःच्या कर्नल ट्रीमध्ये मेसेज कन्सोलवर ढकलणारं एक छोटं फंक्शन होतं, दोन इफ एकात एक. सफाई करताना मीच ते एका ओळीत आणलं, ट्रायलॉक डावीकडे. रिव्ह्यू झाला, कोणाला काही दिसलं नाही, ऑफिसमधल्या बोर्डावर आठवडाभर चाललं. बोर्ड लागले होते काटोलकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये, पंपाच्या कंट्रोलरमध्ये. ऐन मे महिन्यात फोन आला की सिरियल केबल लावली तर कन्सोलवर काहीच येत नाही पण पंप चालू आहे. मी गेलो, लॅपटॉप बागेतल्या खोलीत ठेवून नेटवर्कवरून लॉगिन केलं, डीमेसेज, म्हणजे बफर दाखवणारी कमांड, मारली तर सगळे मेसेज बफरमध्ये शिस्तीत बसलेले, वेळेसकट. सिरियलवर मात्र एक अक्षर नाही. आधी केबलवर शंका घेतली, मग बॉड रेट, मग पोर्टच बदलून पाहिला, यात पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी बोर्ड सस्पेंड करून पाहिला तर तो तिथंच गोठला, आणि तेव्हा ट्यूब पेटली, कारण सस्पेंड करताना कर्नल कन्सोलचं लॉक मागतो, ट्राय करत नाही, मिळेपर्यंत थांबतो. लॉक कोणाच्या तरी हातात राहून गेलं होतं. गिट ब्लेम (कोणती ओळ कोणी बदलली ते दाखवते) काढलं तर ओळ माझीच. अट परत दोन इफमध्ये फोडली, वर कमेंट लिहिली, आणि तेव्हापासून ज्या अटीत लॉक आहे ती अट मी कधी 'सुंदर' करायला जात नाही.

बरं, तुझ्या जागेत क्रम नीट ठेवला, परवानगी डावीकडे, तरी चालेल का? तरी नको. मधली प्रीएम्प्शनची ओळ नेमकी त्या दोन इफच्या मध्ये आहे, आणि तिला तिथंच राहायचं आहे. २०१८ मध्ये, ४.१६ व्हर्जनपासून, ते ट्रायलॉक नुसतं पाहून परत येत नाही. दुसरा सीपीयू छापत असेल तर हा त्याच्या मागे फिरत उभा राहतो आणि तो आपलं काम याच्या हातात देऊन मोकळा होतो, म्हणजे एकाच बिचाऱ्या सीपीयूला सगळ्यांचे मेसेज जन्मभर छापत बसावं लागत नाही. असा मागे उभा असताना याला शेड्युलरनं उचलून बाजूला ठेवलं तर छपाईची जबाबदारी झोपलेल्या माणसाच्या हातात जाते. म्हणून प्रीएम्प्शन बंद. आणि ज्याला छापायचंच नाही त्याच्यासाठी ते बंद करायचं काही कारण नाही, म्हणून ती ओळ पहिल्या इफच्या आत. दोन इफ तिथं आळसानं राहिलेले नाहीत.

आता सीमेबद्दल, कारण अटी उलटवताना सगळ्यात जास्त चुका तिथं होतात. प्रिंटकेच्या लेव्हल आठ, ० ते ७. ० म्हणजे इमर्जन्सी, ३ एरर, ४ वॉर्निंग, ६ माहिती, ७ डीबग. आकडा लहान तितकी गोष्ट गंभीर. मेसेज कन्सोलवर दाबायचा का, म्हणजे न दाखवायचा का, हे ठरवणारं फंक्शन एका ओळीचं आहे: 'लेव्हल >= कन्सोल_लॉगलेव्हल && !इग्नोर_लॉगलेव्हल' असेल तर दाबा. पुष्कळ पोरांना हे उलटं वाटते, ते म्हणतात 'कधी छापायचं' असं लिहू. लिही, पण 'नाही' कंसाच्या आत नेताना दोन गोष्टी बदलतात, && चं || होते आणि >= चं < होते. <= नाही. हा 'आणि' चा 'किंवा' करणारा नियम ज्या ऑगस्टस डी मॉर्गनच्या नावानं ओळखला जातो तो १८०६ साली आपल्याच मदुराईत जन्मला होता, मी शिकवताना हे नेहमी सांगतो, पोरांच्या लक्षात राहते. तर बरोबर उलट आहे: 'लेव्हल < कन्सोल_लॉगलेव्हल || इग्नोर_लॉगलेव्हल' असेल तर छापा.

चुकून <= लिहिलं तर काय होते ते पाहा. कन्सोलची लेव्हल ७ असेल तर आत्तापर्यंत ० ते ६ दिसत होते, आता डीबगही दिसायला लागतात. सिरियल पोर्ट ११५२०० बॉडचा असेल तर एका अक्षराला स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट, म्हणजे सेकंदाला साधारण ११,५०० अक्षरं, ८० अक्षरांच्या एका ओळीला जवळपास ७ मिलिसेकंद. कर्नलच्या हिशोबात हे अख्खं युग आहे. एका < च्या जागी <= आलं आणि बोर्ड रखडत चालायला लागला, यात मशीनची चूक काहीच नाही. आणि बूट लाइनवर 'क्वाएट' लिहिलं की ही लेव्हल ४ होते, म्हणजे एररपर्यंत दिसते पण वॉर्निंग दिसत नाही, कारण ४ हा ४ पेक्षा लहान नाही. लोक म्हणतात वॉर्निंग कुठं गेली, ती डीमेसेजमध्ये आहे, गेली कुठंच नाही. किमान कन्सोल लेव्हल १ ठेवलेली आहे तीही याच < मुळे, किती दाबलं तरी ० चा मेसेज १ पेक्षा लहान म्हणून दिसतोच. चारही आकडे प्रॉक-सिस-कर्नलमधल्या प्रिंटके फाइलमध्ये एका ओळीत मिळतात: चालू कन्सोल लेव्हल, लेव्हल न दिलेल्या मेसेजची डिफॉल्ट, किमान, आणि कन्सोलची डिफॉल्ट.

टेस्ट करायची तर क्यूएमयू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सिरियल कन्सोल लावून कर्नल उठव, डीमेसेजच्या एन ऑप्शननं लेव्हल ५ कर, आणि रूट होऊन डेव्ह-केमेसेज फाइलमध्ये इकोनं '<४>चार' आणि मग '<५>पाच' लिही, खऱ्या टर्मिनलवर आकडे इंग्रजी टाक. 'चार' दिसला पाहिजे, 'पाच' नाही. सीमेच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक, एवढ्या दोन ओळींत <= वाली चूक पकडली जाते. एकच काळजी घे, लूप लावून एकाच रीडायरेक्टमधून शंभर ओळी ओतल्या तर तिथंही तोच ५ सेकंदात १० वाला हिशोब लागतो, मग तुला वाटेल तुझ्या पॅचनं मेसेज खाल्ले. प्रत्येक ओळीसाठी वेगळा इको मार.

अजून काही जागा सांगतो ज्या सोप्या करण्यासारख्या दिसतात आणि नाहीत. मेसेजच्या सुरुवातीची लेव्हल वाचणाऱ्या कोडमध्ये 'लेव्हल && *लेव्हल == डिफॉल्ट' असं आहे. डावं 'लेव्हल' काढून टाकू का असं मला दोघांनी तरी विचारलं आहे. तो पॉइंटर आहे, नल असू शकतो, डावीकडे विचारल्याशिवाय उजवीकडे हात घातला तर कर्नल तिथंच कोसळेल, आणि तेही लॉग लिहिता लिहिता. त्याच फंक्शनमध्ये '०' ते '७' साठी आठ केस न लिहिता जीसीसीची रेंज वापरून एकच केस लिहिलेली आहे, ती मात्र खरी चांगली सफाई आहे, डोळ्याला लगेच कळते.

मग प्रिंट न करणारा प्रिंटके, नो-प्रिंटके. त्यात अक्षरशः 'इफ (०)' लिहिलं आहे आणि आत प्रिंटके. कधीच न चालणारा कोड, काढून टाकावा असं कोणालाही वाटेल. पण तो ठेवल्यामुळे कंपायलर फॉरमॅट स्ट्रिंग आणि दिलेली व्हेरिएबलं जुळतात का हे दर वेळी तपासतो आणि मग सगळं फेकून देतो, मशीन कोडमध्ये एक बाइट उरत नाही. तो इफ नसता तर बंद असलेल्या डीबग ओळी वर्षानुवर्षं सडत राहिल्या असत्या आणि ज्या दिवशी कोणी डीबग चालू करेल त्या दिवशी पन्नास एरर आल्या असत्या.

पॅनिकच्या, म्हणजे कर्नल सावरण्यापलीकडे कोसळतो त्या, वेळची एक अट आहे, ती मराठीत वाचली की गोड लागते: दुसऱ्या सीपीयूवर पॅनिक चालू आहे, आणि बाकीच्यांना बोलू द्या असं डीबगसाठी कोणी सांगितलेलं नाही, आणि सगळ्या सीपीयूंचा बॅकट्रेसही (कुठल्या फंक्शनमधून कुठं आलो ती यादी) मागितलेला नाही, तर हा मेसेज टाकून द्या. म्हणजे घरात एक जण अत्यवस्थ असताना बाकीच्यांनी गप्प बसायचं, विचारलं तरच बोलायचं. दोन्ही 'नाही' बाहेर काढून कंसात 'किंवा' करता येईल, एक 'नाही' कमी होईल, पण वाक्य बोलायला वाईट होईल. मी ती तशीच ठेवीन.

आणि कधी कधी सोपं करायचं म्हणजे ओळी वाढवायच्या. कन्सोल वापरण्यासारखा आहे का हे पाहणारं फंक्शन वाच. कन्सोल चालू केलेला आहे का, नसेल तर परत जा. लिहायचं फंक्शन दिलेलं आहे का, नसेल तर परत जा. हा सीपीयू अजून ऑनलाइन आला नसेल आणि कन्सोलनं 'मी कधीही चालतो' असं सांगितलेलं नसेल तर परत जा, आणि यावर कमेंट की काही ड्रायव्हर आपली पर-सीपीयू जागा तयार आहे असं धरून चालतात. हे सगळं एका लांब && मध्ये बसलं असतं, पण मग ती कमेंट कुठं लिहिली असती?

कोक्सिनेलबद्दल दोन शब्द. फ्रेंचमध्ये याचा अर्थ तो ठिपक्यांचा लाल किडा, जो दुसरे किडे खातो, नाव चपखल आहे. तुझ्या अटीवर बोट ठेवणारी स्क्रिप्ट कर्नलमध्येच आहे, मेक कोक्सीचेकनं चालते. ती आकार ओळखते. अ च्या पोटात काय आहे हे तिनं तुला सांगितलेलं नाही, ते तुलाच पाहायचं आहे. तिनं पन्नास जागा दाखवल्या म्हणून पन्नास पॅच एका रात्रीत पाठवणारे लोक असतात, मेंटेनर त्यांच्यावर वैतागतात आणि ते बरोबरच आहे, कारण ओळ हलली की गिट ब्लेममध्ये खरं कारण एक पायरी खाली जाते आणि स्टेबल ब्रँचवर पुढचा फिक्स नेताना कॉन्फ्लिक्ट येतो.

आणि लॉगच्या वागणुकीवर कोण कुठं टेकून बसलं आहे हे दिसत नाही. २०१६ मध्ये, ४.९ च्या वेळी, तुटक ओळ पुढे चालू ठेवायची असेल तर केर्न-कंट हे चिन्ह लिहिलंच पाहिजे असं लायनस टॉरव्हल्ड्सनं परत बंधनकारक केलं. नियम बरोबर होता, कोड सुटसुटीत झाला, पण कित्येक ठिकाणी लोकांनी ते चिन्ह न लिहिता काम चालवलं होतं, त्यांच्या एका ओळीच्या चार ओळी व्हायला लागल्या आणि मग पुष्कळ दिवस त्या जागा शोधून शोधून दुरुस्त कराव्या लागल्या. ते बदल करायलाच हवे होते. फक्त आपल्या बदलानं कोणाचं काय हलेल हे तुझ्या-माझ्या पॅचमध्ये आधी माहीत पाहिजे.

तर तू आता असं कर. दुसरा पॅच ब्रँचमधून काढून टाक. पहिल्यासाठी मेसेज लिही: अट काय होती, अ खोटा असेल तर पहिल्या अर्ध्यातच निकाल लागतो म्हणून दुसरा अ जास्तीचा, अ प्रोबनंतर बदलत नाही, ऑब्जडिफमध्ये फरक नाही, कोक्सिनेलनं दाखवलं. चेकपॅच ही पॅच तपासणारी स्क्रिप्ट चालव. गेट-मेंटेनर स्क्रिप्टला पॅच दे, ती त्या ड्रायव्हरच्या लोकांची नावं देईल, प्रिंटकेवाल्यांना यात ओढायची गरज नाही, तुझा बदल त्यांच्या फाइलमध्ये नाही. उत्तर यायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, तोवर आठवण करून देऊ नको. पाठवायच्या आधी मसुदा मला दाखवायचा असेल तर रविवारी सकाळी ये, मी घरीच असतो, तर्री पोहे खाऊ आणि ती अट एकदा दोघं मिळून मोठ्यानं वाचू.